छत्री, मासा, घर, चेंडू

वनिताच्या अंगणवाडीतलं एकही पोर डोळ्यांच्या तपासणीत कधी मागे पडलं नव्हतं. शेलार गावात ही गोष्ट सगळ्यांना ठाऊक होती, कारण वनिताने ती सगळ्यांना सांगितली होती. पोषण आहाराची पाकिटं न्यायला येणाऱ्या बायांना ती सांगे, आसपासच्या अंगणवाड्यांच्या मीटिंगला शेजारी बसणाऱ्या सेविकेला सांगे, आणि कुणी विचारलं नाही तर भिंतीवरच्या प्रशस्तिपत्रकाची काच पुसता पुसता आपणहून सांगे.

ही कीर्ती तिने कशी मिळवली, ते मात्र तिने कुणाला सांगितलं नव्हतं.

झालं होतं असं. सहा वर्षांपूर्वी आरोग्य पथक आलं, तेव्हा तिच्या पोरांची पाचावर धारण बसली. पांढरा कोट दिसला की सुई टोचणार, एवढंच त्यांना माहीत. डोळे तपासायला चित्रांचा तक्ता टांगला, तर एक पोरगं तोंड उघडेल तर शपथ. पर्यवेक्षिका बाई सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वनिताताई, तुमच्या मुलांना तोंड दिलंय की नाही देवाने?" ते वाक्य वनिताच्या इतकं वर्मी लागलं की आठवडाभर जेवण गोड लागलं नाही.

वनिता हाताची कुशल बाई. कापड विणणाऱ्या लूमवाल्यांनी फेकलेल्या सुताच्या कागदी कोनांचे हत्ती बनवणारी, चिंध्यांच्या बाहुल्या करणारी. तिने एक हार्डबोर्ड आणला, पांढरा रंग दिला आणि त्यावर पथकाचा तक्ता हुबेहूब उतरवून काढला. वर मोठी चित्रं, खाली बारीक होत गेलेली. मग त्याला चाल लावली. छत्री, मासा, घर, चेंडू. घर, पान, छत्री, मासा. अशा पाच ओळी. एक हात डोळ्यावर ठेवायचा, दुसरा कमरेवर, आणि म्हणायचं. पोरांना असली गाणी चट येतात. महिन्याभरात तीन वर्षांचं शेंबडं पोरसुद्धा पाची ओळी घडाघड म्हणायला लागलं.

पुढच्या वेळी पथक आलं. त्यांना दुपारच्या आत आणखी दोन अंगणवाड्या उरकायच्या होत्या. नर्सबाई पट्टीने एकेक चित्र दाखवत गेल्या, पहिल्यापासून शेवटपर्यंत, त्याच क्रमाने. पोरं म्हणत गेली. अर्ध्या तासात सगळं आटोपलं. वनिताने प्रत्येकाच्या पिवळ्या कार्डावर आपल्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं: डोळे चांगले. त्या वर्षी तिला शाल मिळाली, प्रशस्तिपत्रक मिळालं, आणि पर्यवेक्षिका बाईंनी तिचा हात हातात घेऊन फोटो काढला.

यात आपण काही वावगं केलं, असं तिला कधी वाटलं नाही. पोरांची भीड मोडली, यापलीकडे तिने विचारच केला नव्हता. विचार करावा लागला तो यंदाच्या दिवाळीनंतर.

जिल्हा परिषदेच्या शाळेत डोळे तपासायला स्नेहल मॅडम नावाची एक तरुण मुलगी आली. तिच्याकडे तक्ताबिक्ता नव्हता. तिच्याकडे होती एका बाजूने उघड्या अशा एकाच आकृतीची पुठ्ठ्याची चौकट. ती हातात गरागरा फिरवायची आणि विचारायची, तोंड कुठे आहे सांग, वर की खाली, इकडे की तिकडे. यात पाठ करण्यासारखं काही नव्हतं. दुसरीतल्या तानीने उजव्या डोळ्याने सगळं बरोबर सांगितलं. उजवा डोळा झाकल्यावर ती गप्प झाली. मग हळूच गाणं म्हणायला लागली, छत्री, मासा, घर. स्नेहल मॅडमना वाटलं, पोरगी गंमत करतेय. तरी खात्री करून घ्यायला त्यांनी तिला ठाण्याला पाठवलं.

तानी म्हणजे मनिषाची मुलगी. मनिषा आणि तिचा नवरा सावळ्या गणेशपुरीकडच्या एका पाड्यावरून इथे आलेले. सावळ्या काल्हेरच्या गोदामात माल चढवतो, मनिषा लूमच्या कारखान्यात कांड्यांवर सूत भरते. दोघांनाही वाचता येत नाही. कागद आला की मनिषा तो घेऊन वनिताकडे यायची आणि वनिता वाचून दाखवेल ते खरं मानायची. तानी तीन वर्षं वनिताच्या अंगणवाडीत होती. चलाख पोर, पण अंमळ धांदरट. पाणी पेल्याच्या बाहेर ओतायची, मणी ओवताना दोरा भलतीकडेच खुपसायची. वनिता तिला प्रेमाने सांडोबा म्हणायची.

ठाण्याच्या दवाखान्यात तपासलं, तेव्हा कळलं की तानीच्या डाव्या डोळ्याला जन्मापासून मोठा नंबर आहे. उजवा धडधाकट. वरून बघून काहीच समजत नाही, डोळा तिरळा नाही की लाल नाही. उजव्याने स्वच्छ दिसतं म्हणून मेंदूने डाव्याचं ऐकणंच सोडून दिलेलं. याला आळशी डोळा म्हणतात. चष्मा दिला, आणि रोज सहा तास उजव्या डोळ्यावर पट्टी चिकटवायला सांगितली, म्हणजे डाव्याला कामाला लागावं लागेल.

पंधरा दिवसांनी स्नेहल मॅडम अंगणवाडीत आल्या. "ताई, तानीची आई पट्टी लावत नाहीये. मी दोनदा समजावलं. ती म्हणते, वनिताताई सांगतील तसं करीन. तुम्ही जरा बोला ना."

"बोलते की," वनिता म्हणाली.

"एक विचारू? ती तुमच्याकडे होती ना? तेव्हा डोळे तपासले नव्हते का?"

"तपासले होते."

"मग सापडलं कसं नाही?"

वनिताच्या हातात खिचडीचा डाव होता. तो तिने उगीचच पातेल्यात दोनदा फिरवला. "तेव्हा चांगले असतील डोळे," ती म्हणाली.

"नाही हो, हे लहानपणापासूनचंच आहे. चौथ्या वर्षी सापडलं असतं, तर सोपं गेलं असतं. आता सात पूर्ण झाली. जितका उशीर, तितकं कमी हाती लागतं. अजून वेळ गेलेली नाही, पण एकेक महिना महत्त्वाचा आहे."

स्नेहल मॅडम निघून गेल्या. भिंतीशी बसलेली पोरं तक्त्यासमोर खेळत होती. छत्री, मासा, घर, चेंडू. वनिताने पोरांना तिथून उठवून खिचडीच्या पंगतीला बसवलं.

संध्याकाळी ती मनिषाच्या खोलीवर गेली. मनिषा नुकतीच कारखान्यातून आली होती, केसांत कापसाचे तंतू तसेच होते. तिने लगबगीने चहा टाकला. तानी कोपऱ्यात बसली होती, हनुवटीला ओरखडा.

"पट्टी का नाही लावत गं?" वनिताने विचारलं.

"लावली व्हती ना ताई, पयल्या दिशी. नळावर गेली नि आपटली. हनवट फुटली. पोरं काणी काणी म्हनून मागं लागली. चांगला डोला बांधायचा नि वायट डोल्यानं चालायचं, ही कुटली रीत?" मनिषाने चहाचा कप पुढे केला. "नि आळशी म्हनतात माज्या पोरीला. माजी पोर आळशी न्हाय."

"डोळ्याला म्हणतात गं, पोरीला नाही. डॉक्टर सांगतात तर ऐकावं."

मनिषाने फळीवरून प्लास्टिकची पिशवी काढली. आधार कार्डं, रेशन कार्ड, आणि त्यात जपून ठेवलेलं पिवळं कार्ड. ते तिने वनिताच्या हातात दिलं. "हे तुमीच लिवलंय ना? तुमीच वाचून दाखवलं व्हतं, डोले चांगले. मंग आता तुमचा कागद खोटा, का त्यांचा?"

आपलंच टपोरं अक्षर वनिताकडे बघत राहिलं. एक वाक्य बोलायचं होतं, फक्त एक. तिने कार्ड उलटं करून मनिषाला परत दिलं.

"तसं नाही... तेव्हाचं वेगळं होतं," ती म्हणाली, आणि चहा अर्धा टाकून उठली.

घरी तिने नवऱ्याला सांगितलं. रवींद्र रिक्षा धुऊन हात पुसत होता. "कोण विचारतंय तुला?" तो म्हणाला. "पथकाने तपासलं, त्यांची जबाबदारी. तू कशाला आपल्या पायावर धोंडा पाडून घेतेस? दहा वर्षांनी रिटायर होशील, मानाने हो." तो काही वाईट माणूस नव्हता. तिच्या भल्याचंच बोलत होता. पण भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या तसबिरीकडे बघायचं तिने त्या संध्याकाळी टाळलं.

कारण रवींद्रलाही तिने सगळं सांगितलं नव्हतं. तानी चार वर्षांची असतानाची एक दुपार तिने कुणालाच सांगितली नव्हती. पथक दुसऱ्या दिवशी येणार होतं, सराव चालला होता. तानीने उजव्या डोळ्यावर हात ठेवला आणि ती म्हणाली, "ताई, दिसत न्हाय." वनिता घाईत होती. फळा पुसायचा होता, वजनकाटा झाडायचा होता. "असं नाही म्हणायचं," ती डाफरली होती. "उद्या बाईंसमोर असं म्हणालीस तर बघ. म्हण, छत्री, मासा." आणि तानीने म्हटलं होतं. पुन्हा कधीही ती दिसत न्हाय म्हणाली नाही. गुणी पोर होती ती.

पोरीने सांगितलं होतं. चार वर्षांच्या पोरीने स्वतःच्या तोंडाने आपला आजार सांगितला होता, आणि आपण तिला गप्प केलं. लाज म्हणजे काय ते वनिताला आता कळत होतं. पण कळूनही ती आठ दिवस गप्पच राहिली. रोज ठरवायची, उद्या जाऊ. रोज उद्या उजाडायचा.

शुक्रवारी लूम बंद असतात. त्या शुक्रवारी मनिषा तानीचा हात धरून स्वतःच अंगणवाडीत आली. मदतनीस कमळ तांदूळ निवडत होती, पाकिटं न्यायला आलेल्या दोन बाया दाराशी टेकल्या होत्या. मनिषाच्या हातात पट्ट्यांचं पाकीट होतं.

"ताई, त्या म्याडम रोज फोन करतात. माजं डोकं उठलंय," ती म्हणाली. "आज निकाल लावू. तुमच्याच पाटीवर बघा पोरीचा डोला. दिसलं तर ह्या पट्ट्या मी हितंच टाकून जाते. न्हाय दिसलं तर तुमी सांगाल तसं."

वनिता काही बोलायच्या आत तानी तक्त्यासमोर उभी राहिलीसुद्धा. सवयच होती तिला. उजव्या डोळ्यावर तिने तळहात ठेवला, दुसरा हात कमरेवर, आणि सुरू झाली. छत्री, मासा, घर, चेंडू. घर, पान, छत्री, मासा. चाल तीच, ठेका तोच. शेवटच्या ओळीतली करंगळीएवढी चित्रंसुद्धा तिने एका दमात म्हटली.

दाराशी उभ्या बाया हसल्या. कमळ म्हणाली, "बघा, आहे का काही?"

मनिषाच्या चेहऱ्यावरचा सगळा ताण उतरला. "मी म्हनलं नव्हतं?" तिने पट्ट्यांचं पाकीट तांदळाच्या सुपाशेजारी ठेवलं. "चल गं तानी."

आता गप्प राहणं किती सोपं होतं. काही करायचं नव्हतं. फक्त तिला जाऊ द्यायचं होतं. मनिषा समाधानाने निघाली असती, बाया निघाल्या असत्या, स्नेहल मॅडम चार फोन करून थकल्या असत्या, आणि तानीचा डावा डोळा कायमचा झोपी गेला असता.

"थांब," वनिता म्हणाली.

ती उठली. तानीला तिने पुन्हा भिंतीसमोर उभं केलं आणि उजवा डोळा झाकायला सांगितलं. मग आवाज न करता खिळ्यावरचा तक्ता काढला आणि कपाटामागे उलटा ठेवून दिला. भिंतीवर नुसता पांढरा चौकोन उरला.

"तानी, पुन्हा म्हण बाळा. हात काढू नकोस."

तानीचा हात उजव्या डोळ्यावर तसाच होता. रिकाम्या भिंतीकडे तोंड करून, तशीच ताठ उभी राहून, ती म्हणायला लागली. छत्री, मासा, घर, चेंडू. घर, पान, छत्री, मासा. मधे अडखळली नाही. तक्ता गेलाय, हे तिच्या डाव्या डोळ्याला कळलंच नव्हतं. पाची ओळी संपवून ती थांबली आणि नेहमीसारखी शाबासकीची वाट बघू लागली.

कमळचा तांदळातला हात थांबला. कुणी हसलं नाही.

"मी शिकवलं ते," वनिता म्हणाली. "सगळ्या पोरांना शिकवलं. माझ्या अंगणवाडीचं नाव व्हावं म्हणून. कार्डावर मी लिहिलं ते खोटं आहे, मनिषा. डॉक्टरचा कागद खरा आहे."

मनिषा भिंतीकडे बघत होती.

"आणि तिने सांगितलं होतं मला. चार वर्षांची होती. दिसत न्हाय म्हणाली. मी दटावलं तिला. असं म्हणायचं नाही म्हटलं."

"पोर बोलली व्हती?" मनिषाने विचारलं. आवाज चढला नव्हता. चढला असता, तर वनिताला बरं वाटलं असतं.

"हो."

"नि तुमी गप केली तिला."

"हो."

तानी एकदा आईकडे, एकदा ताईकडे बघत होती. तिला एवढंच समजलं की काहीतरी बिघडलंय आणि ते आपल्या गाण्यामुळे. "ताई, मी चुकले काय?" तिने विचारलं.

वनिताच्या डोळ्यांना धार लागली. "नाही गं. तू नाही चुकलीस. मी चुकले," एवढंच तिला म्हणता आलं.

मनिषाने सुपाजवळचं पाकीट उचललं. एक पट्टी काढली, आणि मागचा कागद सोलायला लागली. तिला ते जमेना. वनिता मदतीला पुढे झाली, तसा मनिषाने तिचा हात बाजूला केला. "ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. तिने दातांनी कागद सोडवला, पोरीच्या उजव्या डोळ्यावर पट्टी दाबून बसवली, तिला कडेवर घेतलं आणि निघून गेली. सात वर्षांची पोर, तिचे पाय आईच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते.

दुपारपर्यंत गावभर झालं. वनिताने ते होऊ दिलं. संध्याकाळी तिने प्रशस्तिपत्रक खिळ्यावरून काढलं, आणि पर्यवेक्षिका बाईंना फोन करून सगळं सांगितलं. बाई लेखी खुलासा द्या म्हणाल्या. खुलासा दिला. मग सहा वर्षांची रजिस्टरं पुढे घेऊन ती घरोघर हिंडली. पोराचे डोळे पुन्हा तपासून घ्या, मी केलेली तपासणी खोटी होती, हे वाक्य तिने प्रत्येक दारात उभं राहून म्हटलं. पहिल्या दारात फार जड गेलं. विसाव्या दारातही जडच गेलं. कुणी पाणी दिलं, कुणी तोंडावर दार लावलं. एका आजीने विचारलं, पगार कसला घेते गं मग तू? स्नेहल मॅडमनी मात्र दोन रविवार त्यासाठी दिले. ऐंशीएक पोरांत आणखी एक निघाली, चार वर्षांची रूपा. तिने फिरत्या चौकटीसमोर डोळा झाकला आणि ओठ घट्ट मिटून घेतले.

वनिता तिच्याशेजारी खाली बसली. "दिसत नसलं तर दिसत नाय म्हणायचं," ती म्हणाली. "तसं म्हटलं की बरोबर."

"दिसत न्हाय," रूपा पुटपुटली.

मनिषा मात्र फिरकली नाही. पंधरा दिवस झाले, वीस झाले. तानी चष्मा आणि पट्टी लावून शाळेत जाताना दिसायची, भिंतीला हात लावत लावत. वनिताला हाक मारायची हिंमत होत नव्हती. एका सोमवारी दुपारी तानी अंगणवाडीच्या दारात येऊन उभी राहिली. "आय कामाला गेली," ती म्हणाली. "म्हनाली, पट्टी हाय तवर ताईकडं बस. बारीक काम दे म्हनावं."

बारीक काम म्हणजे डाव्या डोळ्याला मेहनत. वनिताने मण्यांचा डबा काढला. पहिल्या दिवशी तासाभरात तीन मणी ओवले गेले. तानी रडली, दोरा फेकून दिला, पट्टी ओरबाडायला गेली. वनिताने तिचे हात धरले आणि तिच्याबरोबर बसून राहिली. रोज शाळा सुटल्यावर संध्याकाळपर्यंत, असं तीन महिने. मणी झाले, तांदळातले खडे झाले, मग पुस्तकातली बारीक अक्षरं. सांडोबा म्हणायचं वनिताने सोडून दिलं होतं.

मार्चअखेर मनिषा तानीला घेऊन दवाखान्यात गेली. परतताना संध्याकाळी ती अंगणवाडीशी थांबली. त्या दिवसानंतर पहिल्यांदाच तिने उंबऱ्याच्या आत पाऊल टाकलं. पिशवीतून कागद काढून तिने पुढे धरला.

"वाचा," ती म्हणाली. "जसं हाय तसं."

वनिताने चष्मा लावला. कागदावरच्या पहिल्या ओळी चांगल्या होत्या. शेवटची नव्हती. ती थोडी मऊ करून सांगता आली असती. मनिषाला काय कळणार होतं?

"डाव्या डोळ्याने आधी वरचं एकच मोठं अक्षर दिसत होतं," तिने वाचलं. "आता तीन ओळी दिसतात. चष्मा चालू ठेवा. पट्टी आता सहाऐवजी रोज चार तास लावा." ती थांबली, आणि पुढचं वाचलं. "उपचार उशिरा सुरू झाल्यामुळे पूर्ण नजर येईल, अशी खात्री देता येत नाही."

मनिषाने कागद परत घेतला. चार घड्या घालून तो पिशवीत ठेवला, पिवळ्या कार्डाच्या वर.

"बराबर," ती म्हणाली. "मेडिकलवाल्यानंबी असंच वाचलं."

वनिताने मान खाली घातली आणि तानीसाठी मण्यांचा डबा काढला.